बोर्डाला गुदगुल्या

दिलीपराव निघोजकर त्या रविवारी उज्जैनच्या मराठी मंडळाच्या सभेला फक्त चहासाठी गेले होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे काही झालं त्यावरून लोकांना वाटतं की हा गृहस्थ खिशात योजना घालूनच गेला असणार. छे. सभेत काय विषय आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. चहाबरोबर शेव मिळते एवढंच ठाऊक होतं.

विषय होता मंडळाच्या तळमजल्यावरची खोली. या खोलीत दिलीपरावांच्या पत्नी, कल्पनाताई, कित्येक वर्षं मराठी मुलांची बालवाडी चालवत होत्या. अध्यक्ष माधवराव दिघे म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सगळ्या जगाचं ऑडिट करत असलेले गृहस्थ. त्यांनी उभं राहून सांगितलं की महाकालाच्या दर्शनाला देशभरातून माणसं लोटताहेत, ज्याच्या घरात दोन खोल्या आहेत तो एकीत राहतो आणि दुसरीवर 'होम स्टे' अशी पाटी लावतो, आणि आपलं मंडळ मात्र तळमजल्याची, लागूनच संडास असलेली, हवेशीर खोली जेमतेम दहा पोरांना पळापळीसाठी देऊन बसलंय. बाकीची पोरं केव्हाच नानाखेड्याच्या बस स्टँडजवळच्या नव्या प्लेस्कूलमध्ये गेली. तिथे म्हणे भिंतभर स्क्रीन आहे, एसी आहे, आणि दारात कार्टूनचा वेष घातलेला एक माणूस मुलांशी हात मिळवतो. तेव्हा बालवाडी बंद करावी आणि तिथे भाविकांसाठी दोन खोल्या काढाव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यांची स्वतःची नात त्या प्लेस्कूलमध्येच जात होती, हे त्यांनी पुरावा म्हणून सांगितलं.

कल्पनाताई मांडीवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिल्या. भिंतीवर मुलांनी कागद फाडून चिकटवलेले मासे होते. काही माशांना तीन डोळे होते. दिलीपरावांनी बायकोचा तो चेहरा पाहिला आणि त्यांच्या घशात शेव अडकली. ती गिळायला म्हणून ते उभे राहिले, आणि उभे राहिल्यावर काहीतरी बोलणं भाग होतं.

"आपली बालवाडी डिजिटल होते आहे," दिलीपराव म्हणाले. "बोर्ड येतोय."

ही बातमी कल्पनाताईंनाही तेव्हाच कळली.

माधवराव कसलेले. ते लगेच म्हणाले, "बहोत बढिया. मग पाडव्याला पालकांची सभा ठेवू. पालकांना पटलं, नावं आली, तर खोली ताईंची. नाही आली तर दुसऱ्या दिवशी तोडफोड सुरू." सभेने टाळ्या वाजवल्या. आपल्या लोकांना दुसऱ्याच्या गळ्यात मुदत पडली की फार आनंद होतो. पाडवा तीन आठवड्यांवर होता.

परतताना स्कूटर टॉवर चौकात थांबली. सिग्नलला मागे बसलेल्या कल्पनाताईंनी शांतपणे विचारलं, "कुठला बोर्ड?"

आता दिलीपराव तसे तंत्रज्ञानाच्या प्रांतातले मोठ्या मानाचे माणूस होते. टेलिफोन खात्यात त्यांची सगळी हयात गेली. अर्ध्या उज्जैनला 'हॅलो' म्हणायला लावलं ते मी, असं ते म्हणत आणि बाकीच्या अर्ध्याच्या तक्रारींविषयी बोलत नसत. मोबाईल आल्यापासून त्यांना कोणी काही विचारेनासं झालं होतं. पुण्याला असलेला मुलगा चिन्मय तर फोनवर त्यांना "बाबा, उजवीकडचं बटण, नाही, तुमचं उजवीकडचं" असं एखाद्या शिशूला सांगावं तसं सांगायचा. त्यामुळे 'बोर्ड' हा शब्द तोंडून निघाला त्या क्षणी त्यांच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा दिलीप निघोजकर संचारला, आणि तो काही केल्या बाहेर जायला तयार होईना.

घरी आल्यावर कल्पनाताईंनी आपलं मत एकदाच आणि नीट सांगितलं. मुलांना पडद्यासमोर बसवून गप्प करायचं असेल तर त्यांना तो बोर्ड नको होता, कारण गप्प बसलेलं मूल शिकत नाही, ते फक्त गप्प बसतं. मुलांना ज्याला हात लावता येईल, ज्याच्यावरून त्यांच्याशी गप्पा मारता येतील, आणि ज्यात त्यांच्या रोजच्या बघण्यातलं काही असेल, असं काही आणता येत असेल तर आणा, नाहीतर आपण कागदाच्या माशांवर भागवू. दिलीपरावांनी हे सगळं मान हलवत ऐकलं. त्यांच्या मते हे स्पेसिफिकेशन होतं, आणि स्पेसिफिकेशन मिळालं की अर्धं काम झालं.

दुसऱ्या दिवशी कोठी रोडवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना ही बातमी आधीच पोचली होती. उज्जैनमध्ये सल्ला मागावा लागत नाही, फक्त घराबाहेर पडावं लागतं. कोणी म्हणालं, प्रोजेक्टर घ्या. कोणी म्हणालं, प्रोजेक्टर घेणारे सगळे पस्तावले. एका निवृत्त प्राध्यापकांनी मुलांना पाच वर्षांपर्यंत काहीच शिकवू नये असं सांगितलं आणि स्वतःच्या नातवाला इंग्रजी मुळाक्षरं कशी सगळी येतात ते दहा मिनिटं ऐकवलं. शेजारच्या जयूवहिनींचा तर या गोष्टीला मुळातूनच विरोध होता. स्क्रीनने डोळे जातात, मान जाते आणि नंतर संस्कार जातात, असा त्यांचा क्रम होता. हे सांगताना त्या मोबाईलवर भजन लावून, त्यावर कोण नाचतंय ते बघत होत्या.

बोर्ड मिळाला तो देवास गेटपाशी एका दुकानात. बंद पडलेल्या कोचिंग क्लासांचं सामान तिथे विकायला असे. त्यात खुर्च्या होत्या, पाण्याचे कूलर होते, 'टॉपर' लिहिलेल्या रिकाम्या फ्रेमा होत्या, आणि मागे भिंतीला टेकून हा भला थोरला बोर्ड उभा होता. बोटाने चालणारा. दिलीपरावांनी कोचिंग का बंद झालं, बोर्डात काही खोट तर नाही, असं खोदून विचारलं. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, कोचिंग बंद हुई है, बोर्ड थोड़ी बंद हुआ है." दिलीपरावांनी बोर्ड घेतला. पैशांचा विषय इथे काढायचा नाही असं निघोजकरांच्या घरी ठरलेलं आहे, म्हणून आपणही तो सोडून देऊ.

बोर्डात एकच खोड होती. चालू केला की तो आधी वाद्यांच्या गजरात एका भारदस्त आवाजात सांगायचा, "इस बार सिलेक्शन पक्का है!" ते काही केल्या पुसलं जात नव्हतं. कल्पनाताई म्हणाल्या, राहू द्या, माझ्या मुलांना तेवढा आत्मविश्वास चालेल.

तो घरी आणणं हा एक वेगळाच सोहळा झाला. धूळ लागू नये म्हणून दिलीपरावांनी घरून भैरवगढ छापाची चादर नेली होती. लाल जमिनीवर काळी नक्षी असलेली ती चादर कल्पनाताईंची आवडती. तीत बोर्ड गुंडाळला, ई-रिक्षात उभा केला आणि शेजारी दिलीपराव त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले. पण त्या दिवशी कोणी मोठा पाहुणा दर्शनाला येणार होता. पोलिसांनी रस्ता वळवला, आणि रिक्षा थेट मंदिराकडे जाणाऱ्या गर्दीत शिरली. लाल वस्त्रात झाकलेली चौकोनी, उंच वस्तू आणि तिला कवटाळून डोळे मिटलेला माणूस (दिलीपराव धक्क्यांनी डोळे मिटत होते) हे दृश्य पाहून राजस्थानातून आलेल्या एका आजींनी हात जोडले. त्यांच्या मागच्या वीस जणांनी जोडले. मग कोणीतरी पुढे येऊन चादरीला कुंकू लावलं. "आजी, यह टीवी जैसा है," असं दिलीपराव सांगत होते, पण श्रद्धेच्या गलक्यात ते कोण ऐकतं. रिक्षावाल्याने मात्र हॉर्न बंद करून सावकाश चालवायला घेतलं. चार चौक त्यांना असा मान मिळाला, जो टेलिफोन खात्यात कधी मिळाला नव्हता. खरं सांगायचं तर तिसऱ्या चौकापासून त्यांनी लोकांना उलट नमस्कार करायला सुरुवात केली होती.

बोर्डात काय घालायचं ते कल्पनाताईंनी ठरवलं. परदेशी शेत आणि परदेशी कोंबडा त्यांना नको होता. मुलांच्या वाटेवरची चित्रं हवी होती आणि चित्राला बोट लावलं की तिथलाच आवाज यायला हवा होता. मग काय, दिलीपराव मोबाईल घेऊन आवाज गोळा करायला निघाले. पोहेवाल्याच्या कढईवर आपटणारा झारा. ई-रिक्षाचा भोंगा. देवळातली घंटा. गल्लीतली गाय त्यांच्यासमोर तासभर गप्प उभी राहिली आणि ते निघाल्यावर हंबरली, म्हणून परत पळत जावं लागलं. जयूवहिनी रोज सकाळी गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारत, ती संपूर्ण कॉलनीचं घड्याळ होती. ती हाक, त्या दिवशी घोसाळ्यांच्या तक्रारीची, त्यांनी झाडामागे उभं राहून टिपली: "ओ भैया, कल की गिलकी कड़वी थी!" जयूवहिनींना विचारायचं राहून गेलं. चिन्मयने पुण्याहून ते सगळं चित्रांत बसवलं. बापाने पाठवलेल्या गायीच्या हंबरण्यात बापाचाच धापा टाकण्याचा आवाजही आहे, असं तो म्हणाला. दिलीपरावांनी ते कानावर घेतलं नाही.

पण हे सगळं बोर्डात यायला इंटरनेट हवं होतं, आणि त्यासाठी दिलीपरावांना एका कार्यालयात सामान्य ग्राहक म्हणून रांगेत उभं राहावं लागलं. कार्यालयाचं नाव नको. तिथे जोडणी मिळाली, पण चालेना. तक्रार केली तेव्हा खिडकीतल्या तरुणाने वर न बघता सांगितलं, "अंकल, लाइन तो ठीक है. आपकी तरफ़ से प्रॉब्लम होगी." दिलीपराव जागच्या जागी थिजले. हे वाक्य त्यांचं होतं. ते त्यांनी उभ्या आयुष्यात इतक्या लोकांना ऐकवलं होतं की त्यावर त्यांचा मालकी हक्क होता. ते घरी आले, आणि दोन दिवसांनी लाइन आपोआप सुरू झाली, जशी ती त्यांच्याही काळात व्हायची.

शेवटी बोर्ड भिंतीवर चढला. इथे दिलीपरावांच्या स्वभावाची एक बाजू सांगायला हवी. निघोजकरांच्या घरात नवी वस्तू उघडी राहत नाही. फ्रिजला गवसणी, रिमोटला प्लॅस्टिक, सोफ्याला चादर आणि त्या चादरीला पाहुणे येईपर्यंत दुसरी चादर. त्यांच्या मोबाईलला इतकी कव्हरं की फोन वाजला तर आधी त्याला सोलावं लागतं. असा माणूस एवढा मोलाचा बोर्ड चार वर्षांच्या मुलांच्या चिकट बोटांवर कसा सोडील? त्यांनी तो मुलांचा हात पोचणार नाही एवढा उंच लावला, म्हणजे एकेकाला उचलून हात लावू देता येईल, आणि डायनिंग टेबलावर घालतात तसलं पारदर्शक प्लॅस्टिक आणून त्यावर पडद्यासारखं सोडलं. कल्पनाताईंनी एकदा विचारलं की याची गरज आहे का. दिलीपराव म्हणाले की बोट प्लॅस्टिकवरूनही चालतं, मी टेस्ट केलंय. ते खरं होतं. संध्याकाळी, खोली बंद करून, एकट्याने केलेल्या टेस्टमध्ये सगळं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं आली, उकडत होतं म्हणून पंखे लावले, आणि बोर्ड पिसाळला. कोणी हात न लावता गाय हंबरली. मग घंटा. मग गाय, घंटा आणि जयूवहिनी एकदम. मुलं खूश होती. दिलीपरावांनी घाम पुसला आणि बोर्ड बंद केला. संध्याकाळी परत एकट्याने पाहिलं तर शहाण्यासारखा चालला.

त्यानंतरचे दिवस निदानाचे. दिलीपरावांचं म्हणणं, दिवसा व्होल्टेज पडतं. म्हणून त्यांनी अंगणात खड्डा खणून मीठ आणि कोळसा घातला आणि अर्थिंग केलं. माधवराव येऊन खड्ड्याकडे बघून गेले आणि म्हणाले, बरं झालं, भाविकांच्या खोल्यांसाठी पाण्याच्या टाकीचं काम तुम्हीच सुरू केलंत. फोनवर चिन्मय म्हणाला, अपडेट करा. अपडेट केल्यावर बोर्ड अधिक उत्साहाने पिसाळला. कोठी रोडवरच्या प्राध्यापकांनी सांगितलं की यंत्राला दक्षिणेकडे तोंड चालत नाही. जयूवहिनींना आपली हाक बोर्डात आहे हे अजून माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांचा सल्ला निर्मळ मनाचा होता. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तो मंदिरापुढून मिरवत आणला ना? नजर लागली त्याला. सिंपल बात आहे." पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन लिंबू-मिरची बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात टांगली. ती खाली लोंबत बरोबर ई-रिक्षाच्या चित्रावर आली. तेव्हापासून ई-रिक्षाचा भोंगा थांबेचना. रक्षणासाठी बांधलेल्या लिंबावर संशय कोण घेणार?

पाडव्याला गुढी उभी राहिली, श्रीखंडाची पातेली आली, आणि खोली पालकांनी भरून गेली. माधवरावांची सून श्रुती आपल्या चार वर्षांच्या मुलीला, निहारिकाला, घेऊन आली होती. ती सासऱ्यांच्या आग्रहाने आली होती. इथली नाचक्की बघून सुनेला नानाखेड्याच्या प्लेस्कूलचं महत्त्व पटावं, असा त्यांचा हिशेब असावा. कल्पनाताईंनी निळी साडी नेसली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं दिलीपरावांना वाटत होतं, आणि अवलक्षण आपल्या एकट्याचं झालं असतं तर चाललं असतं, पण खोली हिची जाणार होती.

पंखे पूर्ण वेगाने लावले गेले. माधवराव पुढे झाले. कुठल्याही नव्या वस्तूचं उद्घाटन कसं करायचं हे मंडळाला शिकवावं लागत नाही. नारळ फुटला. बोर्डाच्या चौकटीला कुंकू लागलं. आणि माधवरावांनी दोन्ही हातांनी झेंडूची जाडजूड माळ त्या बोर्डाला अशी घातली की तिचे दोन्ही पदर पडद्यावरून खाली लोंबू लागले. दिलीपरावांनी बटण दाबलं.

"इस बार सिलेक्शन पक्का है!" बोर्ड गरजला, आणि मग जे काही सुटलं ते सांगता सोय नाही. गाय हंबरली, घंटा वाजली, रिक्षाने भोंगा दिला, झारा कढईवर टणाटण आपटायला लागला. पंख्याच्या वाऱ्याने प्लॅस्टिक थडथडत होतं, माळ हलत होती, आणि तिच्या प्रत्येक हेलकाव्याला एक नवा आवाज. आणि या सगळ्यावर कडी करून, खणखणीत, परत परत: "ओ भैया, कल की गिलकी कड़वी थी!" खोलीतल्या सगळ्या माना जयूवहिनींकडे वळल्या. जयूवहिनी उभ्या राहिल्या, खाली बसल्या, आणि पुन्हा उभ्या राहिल्या. शेजारच्या बाईंना त्यांनी हळूच सांगितलं की कडू तर होतीच.

पालक हसून हसून डोळे पुसत होते. माधवराव हसत नव्हते, पण त्यांच्या मिशा हसत होत्या. त्यांनी भिंतीकडे नजर टाकली. कुठून फोडायची ते बघत असावेत. दिलीपराव प्लग उपटायला धावले.

"बंद करू नका," कल्पनाताई म्हणाल्या. त्या पदर खोचून जमिनीवर मुलांच्या मधोमध बसल्या होत्या, आणि बोर्डाकडे न बघता मुलांकडे बघत होत्या. निहारिका तर त्यांची विद्यार्थिनीही नव्हती, पण ती पोटावर हात धरून हसत होती आणि आईला ओढून काहीतरी सांगत होती. कल्पनाताईंनी तिला विचारलं, काय झालं ग.

"बोर्ड को गुदगुदी हो रही है," निहारिका म्हणाली.

मोठी माणसं हसली. कल्पनाताई हसल्या नाहीत. त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "अरे बापरे. मग त्याला गुदगुल्या कोण करतंय? बघा बरं शोधून."

आणि खोलीचा रंगच पालटला. मुलं उठून बोर्डाखाली जमली. एक म्हणालं, फुलं करताहेत. दुसरं म्हणालं, नाही, निंबू. कल्पनाताई म्हणाल्या, आपण काढून बघू या, आधी काय काढायचं? निंबू, असं ठरलं. जयूवहिनींनी नाखुशीने लिंबू-मिरची सोडवली, आणि भोंगा गप्प झाला. मुलांनी केवढा ओरडा केला. परत लावून बघा, कल्पनाताई म्हणाल्या. लावलं, भोंगा वाजला. काढलं, थांबला. आता पालकांनाही राहवेना. मागच्या रांगेतले दोन बाप उभे राहून एकमेकांना सांगायला लागले की माळच आहे, शंभर टक्के माळ आहे. "दादू, माला हटाओ," निहारिकाने आजोबांना हुकूम सोडला. ज्या हातांनी मोठ्या थाटात माळ घातली होती त्याच हातांनी माधवरावांना ती उतरवावी लागली, आणि झारा, घंटा, गिलकी सगळं थांबलं. पण गाय थांबेना. आता कोण? पोरं एकदम विचारात पडली. कोणीतरी वर बोट दाखवलं. पंखा! पंखा बंद केला. खोलीत सगळे श्वास रोखून उभे. गाय बंद. पंखा चालू, गाय चालू. पण पंखा तर इतका लांब आहे, तो कसा हात लावतो, कल्पनाताईंनी विचारलं. उत्तर त्यांना केव्हाच कळलं होतं, पण ते सांगायची त्यांना जराही घाई नव्हती.

उत्तर दिलीपरावांनाही त्याच क्षणी कळलं. या बोर्डाला बोटच लागतं असं नाही, पडद्यापाशी काहीही हललं की पुरे. त्यांचं प्लॅस्टिक. वाऱ्याने थडथडणारं, त्यांनी स्वतः निवडून, मापून आणलेलं प्लॅस्टिक. कोणाचं लक्ष जायच्या आत ते गुंडाळून काखेत मारावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी एक पाऊल टाकलंही. पण मुलांचं लक्ष गेलं होतं. "यह हिल रहा है!" आणि आठ-दहा पोरांनी खालची कड धरून ते प्लॅस्टिक असं ओढलं की ते कड्यांसकट खाली आलं आणि दिलीपरावांच्या डोक्यावर पडलं.

प्लॅस्टिकच्या आतून त्यांनी पाहिलं, म्हणून ते त्यांना थोडं धूसर दिसलं. श्रुतीने निहारिकाला उचलून धरलं. पंखा जोरात चालू होता. बोर्ड शांत होता. निहारिकाने एक बोट पुढे केलं आणि गायीला लावलं. गाय एकदाच हंबरली. आणि थांबली. मग इतका गलका झाला की बाहेर गुढीखाली उभी असलेली माणसं आत डोकावली. प्रत्येक बाप आपलं पोर उचलून पुढे झाला. फुलाच्या एका पाकळीने गुदगुल्या होतात का? होतात. पेन्सिलीने? होतात. माधवरावांच्या टोपीने? एका मुलाने ती त्यांच्या डोक्यावरून काढून लावलीसुद्धा. फुंकरीने? नाही होत, का बरं नाही होत? कल्पनाताई मधे बसून फक्त विचारत होत्या, आणि चाळीस माणसं उत्तरं देत होती.

दिलीपराव प्लॅस्टिक डोक्यावर घेऊन तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला शाळेत सोडलं होतं, शाळेतून आणलं होतं, पण आत बसून तिला शिकवताना एकदाही पाहिलं नव्हतं. आपली बायको एवढी हुशार आहे हे आपल्याला कोणी सांगितलं कसं नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी प्लॅस्टिकच्या आतच अभिमानाने डोळे पुसून घेतले.

इतक्यात कल्पनाताईंनी बोर्ड बंद केला. "बोर्ड दमला," त्या मुलांना म्हणाल्या. "आता बाहेर जाऊन बघा, झाडाला गुदगुल्या होतात का." सगळी पोरं दारातून बाहेर सुटली. एका पालकाने आश्चर्याने विचारलं, "बस, इतकंच? अजून तर मजा येत होती." कल्पनाताई म्हणाल्या, "इथलं बंद झालं. त्यांच्या डोक्यातलं आता चालू झालंय." दिलीपरावांना मात्र जरा लागलं. तीन आठवड्यांचा खटाटोप, आणि बाईने अर्ध्या तासात बटण बंद केलं.

नावं तिथेच सांगितली गेली. कोणी श्रीखंडाची वाटी हातात धरून, कोणी मुलाला झाडावरून उतरवता उतरवता. श्रुतीने सासऱ्यांसमोर, आवाज न चढवता, सांगितलं की निहारिका उद्यापासून इथे येईल. तिकडच्या स्क्रीनसमोर ती रोज गप्प बसते, असं श्रुती म्हणाली. माधवरावांनी टोपी शोधली. ती झाडाखाली होती. ती झटकून डोक्यावर ठेवत ते परत खोलीत आले, बोर्डासमोर उभे राहिले, आणि कोणी बघत नाही असं समजून एक बोट घंटेच्या जागी लावून बघितलं. बोर्ड बंदच होता.

"निघोजकर," ते म्हणाले, "हा फार वर लावलाय. खाली घ्या. पोरांचा हात पोचत नाही."

सगळ्यांना अर्थ कळला. खोली राहिली होती. कल्पनाताईंनी भिंतीकडे बघितलं आणि पटकन तोंड फिरवलं. माधवरावांनी मात्र पुढे लगेच सांगितलं की भाविकांच्या खोल्यांचा विषय संपलेला नाही, तो आपण गच्चीवर घेऊ.

रात्री जेवताना दिलीपराव वाट बघत होते. निदान एकदा तरी ती म्हणेल की बोर्ड छान आहे. कल्पनाताईंनी ताकाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "बोर्ड चांगला आहे हो. पण तो एकटा कामाचा नाही. मुलं त्याला हात लावतात तेव्हा शेजारी बसून बोलायला कोणीतरी लागतं. विचारायला, ऐकायला. मी एकटी किती जणांत बसू? उद्यापासून तुम्ही यायचं. नऊ वाजता."

दिलीपरावांनी ते वाक्य मनात दोनदा घोळवलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी उद्या नऊ वाजता यायला सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं की करायचं काय असेल. कल्पनाताई म्हणाल्या, खाली जमिनीवर बसायचं आणि मुलांना उत्तरं सांगायची नाहीत. दिलीपरावांनी दुखणाऱ्या गुडघ्यांवरून एकदा हात फिरवला.

जेवण झाल्यावर ते उठले आणि कपाटातून पँट काढून तिला इस्त्री करायला बसले.